स्वस्त पिस्तूल नेहमीच्या वापराला टिकेल का? सहाशे राउंडमध्ये असं ठरवा

स्वस्त पिस्तूल भरवशाचं असतं का, याचं उत्तर मॉडेलचं नाव घेऊन देता येत नाही. एकाच खोक्यातून निघालेल्या एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांपैकी पहिलं हजार राउंड (एक राउंड म्हणजे एक काडतूस) विनातक्रार चालतं आणि दुसरं तिसऱ्याच मॅगझिनला (काडतुसं भरायच्या डब्याला) अडकतं. महागड्या पिस्तुलांत अशी तफावत बहुतेक वेळा कारखान्यातच पकडली जाते. स्वस्तात सगळ्यात आधी कात्री लागते ती तपासणीला, आणि ते काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून इथे मॉडेलांची क्रमवारी लावलेली नाही. हातात असलेलं पिस्तूल भरवशाचं आहे की नाही, हे तपासायचं कसं तेवढं सांगितलं आहे.

नेहमीचा वापर म्हणजे महिन्याला शंभर ते दोनशे राउंडचा सराव, वर्षाला साधारण दीड-दोन हजार. पन्नास राउंड मारून कपाटात ठेवलेलं पिस्तूल "कधीच अडकलं नाही" असं मालक सांगतो तेव्हा त्याला फारसा अर्थ नसतो. का, ते पुढे आकड्यांतच दिसेल.

पैसे कुठे वाचवलेले असतात

काही बचत निरुपद्रवी असते. रूगर ईसी९एस या पिस्तुलाची साइट (नेम धरायची खूण) स्लाइडमध्येच, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागातच, कोरलेली आहे. त्याच घराण्यातल्या एलसी९एसला ती वेगळी बसवलेली असते. कोरलेली साइट पुढे बदलता येत नाही, पण त्याने पिस्तूल अडकत नाही. आतल्या बाजूला दिसणारे कटरचे ओरखडे, साधा काळा लेप, किरकिरणारा ट्रिगर, खोक्यात एकच मॅगझिन, हे सगळं याच जातीचं. डोळ्यांना खुपतं, पण चालण्याशी त्याचा संबंध नाही.

काही वेळा बचत यंत्रणेतच असते. हाय-पॉइंट सी९ हे ९ एमएमचं पिस्तूल साध्या ब्लोबॅकवर चालतं. बॅरल (नळी) आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारी रचनाच त्यात नाही. दाब उतरेपर्यंत स्लाइडला मागे जाऊ न देण्याचं काम निव्वळ तिचं वजन आणि स्प्रिंग करतात. ९ एमएम काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असल्याने स्लाइड बोजड करावीच लागते. म्हणून आठ राउंडचं सी९ सुमारे ८२० ग्रॅम भरतं, तर ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ६७० ग्रॅम. सी९ची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असते. पिस्तूल ओबडधोबड असलं तरी ही रचना चालते. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे ते उघडायला पंच आणि हातोडीने पिन ठोकून काढावी लागते, त्यामुळे लोक सफाई टाळतात. दुसरी म्हणजे मॅगझिनचे वरचे ओठ, जे बरेचदा थोडे वाकवून जुळवावे लागतात.

जस्ताच्या मिश्रधातूचं नाव निघालं की जुनी बदनामी आठवते. अमेरिकेत १९६८च्या कायद्याने स्वस्त छोट्या पिस्तुलांची आयात अडवली. मग लॉस एंजेलिसच्या आसपास रेव्हन एमपी-२५सारखी खिशात मावणारी .२५ कॅलिबरची पिस्तुलं बनू लागली. ती हजारो राउंड मारायला बनवलेलीच नव्हती. जस्ताचा हा मिश्रधातू सुमारे ३८० अंश सेल्सियसलाच वितळू लागतो, आणि पोलादासारखा लवून परत येण्याऐवजी तडकतो. जाड आणि जड भागाला तो चालतो, पण पातळ कडांना आणि हुकांना अजिबात नाही.

आजची बरीचशी स्वस्त पिस्तुलं मात्र वेगळ्या जातीची आहेत. टॉरस जी३, स्मिथ अँड वेसनचं एसडी९ व्हीई, तुर्कस्तानचं कॅनिक टीपी९ ही पोलादी स्लाइड, पॉलिमर फ्रेम आणि तिरकं होऊन सुटणारं बॅरल असलेली पिस्तुलं आहेत, म्हणजे पोलीस-लष्कराच्या महागड्या सेवा-पिस्तुलांचीच मूळ रचना. फरक उरतो तो एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाचं रिकामं कवच, म्हणजे पुंगळी, ओढून काढणारा हुक), स्प्रिंगा, मॅगझिन आणि फायरिंग पिनचा अटकाव (ट्रिगर दाबल्याशिवाय पिन पुढे जाऊ न देणारा भाग), या चार ठिकाणी. पिस्तूल चालणार की नाही, हे हेच चार भाग ठरवतात.

किंमत हीसुद्धा हमी नव्हे. रूगर एलसीपी पडल्यावर सुटू शकतं म्हणून कंपनीने २००८ मध्ये ते परत बोलावलं. टॉरसच्या नऊ मॉडेलांवरचा तसाच दावा २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. आणि २०१७ मध्ये पडण्याच्याच कारणाने सिग पी३२०चे भाग बदलून देण्याची योजना कंपनीला आणावी लागली, जे मुळीच स्वस्त पिस्तूल नाही. त्यामुळे कोणतंही पिस्तूल घेण्याआधी त्याचा अनुक्रमांक निर्मात्याच्या सूचनांशी ताडून पाहा. पिस्तूल पाडून बघण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. रिकाम्या पिस्तुलावरही नाही.

दुकानातली दहा मिनिटं

मॅगझिन काढा, स्लाइड मागे लॉक करा, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरात) डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. दुकानदाराने आत्ताच रिकामं करून दाखवलं असलं तरी हे स्वतः करायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबणं) करण्याआधी परवानगी घ्या. .२२ कॅलिबरचं पिस्तूल असेल तर करूच नका, कारण बऱ्याच .२२ पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आदळते आणि कड दबते.

आता बघायचं ते असं. बॅरलचं तोंड सगळीकडून सारखं आणि बिनटवक्याचं हवं. चेंबर गुळगुळीत हवं, टॉर्चच्या उजेडात गोल वळ्या दिसल्या तर पुढे पुंगळी अडकण्याची शक्यता धरून चाला. फीड रॅम्पवरून, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये चढतं त्या उतारावरून, नख फिरवा; नख अडकलं तर गोळीचं टोकही अडकेल. एक्स्ट्रॅक्टरच्या हुकाची कड धारदार आणि अखंड असावी, आणि बोटाने दाबल्यावर तो लवून झटकन परत यावा.

नळी सरळ वर करून स्लाइड हळू मागे घ्या आणि हळूच सोडत आणा. वजनाविरुद्ध ती शेवटपर्यंत आपोआप मिटली पाहिजे. शेवटचे दोन मिलिमीटर राहत असतील तर एकतर आत ग्रीस थिजलेलं आहे किंवा स्प्रिंग मरतुकडी आहे.

यानंतर ट्रिगरची साखळी. ट्रिगर दाबून धरा, स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडा; स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन) सुटता कामा नये. ट्रिगर हळूहळू सोडा, "टिक" असा आवाज यायला हवा आणि पुन्हा दाबल्यावर स्ट्रायकर सुटायला हवा. मग स्लाइड पाच-सहा मिलिमीटर मागे ओढून धरा आणि ट्रिगर दाबा. सुटता कामा नये. बाहेरची सेफ्टी असेल तर ती लावून ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. काढताक्षणी काही सुटलं तर पिस्तूल तिथेच काउंटरवर ठेवा. काही मॉडेलांत मॅगझिन नसताना ट्रिगर चालतच नाही, त्यांची तपासणी रिकामं मॅगझिन बसवून करा. कोणत्याही पायरीला वेगळं काही घडलं तर दुसरा नग मागा. त्याच मॉडेलचा दुसरा नग घ्यायला हरकत नाही. स्वस्त पिस्तुलात हा संकोच महागात पडतो.

अंदाजपत्रकाचंही इथेच ठरवा. सगळी रक्कम पिस्तुलात घातली तर चाचणीच्या काडतुसांना काही उरत नाही, आणि चाचणी न केलेलं पिस्तूल म्हणजे अर्धीच खरेदी. एकूण रकमेतला साधारण ६० टक्के भाग पिस्तुलाला ठेवा. उरलेल्यात निर्मात्याचीच आणखी दोन मॅगझिनं, एक जादा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी), सफाईचं सामान आणि सहाशे राउंड यायला हवेत. दुसऱ्या कंपन्यांची "चालणारी" मॅगझिनं चाचणीत आणूच नका, नाहीतर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही.

पोलीस दलांनी बदलून काढलेली जुनी सेवा-पिस्तुलं जिथे रीतसर विकत मिळतात, तिथे नव्या स्वस्त पिस्तुलाच्या किमतीत तेही बघावं. ती होल्स्टरमध्ये घासून बाहेरून पांढरी पडलेली असतात, पण आतून बरेचदा कमी वापरलेली असतात. स्प्रिंगा बदलल्या की आणखी बरीच वर्षं चालतात. आमच्या मते नव्या कोऱ्या अनोळखी स्वस्त पिस्तुलापेक्षा हा सौदा बहुतेक वेळा चांगला.

पहिल्या गोळीआधी

नव्या पिस्तुलावरचं चिकट ग्रीस गंज लागू नये म्हणून लावलेलं असतं, ते वंगण नव्हे. पहिल्याच दिवशी स्वस्त पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला शिव्या घालतात. कितीदा तरी कारण हे ग्रीसच असतं. पुस्तिकेप्रमाणे उघडा, सॉल्व्हंटने सगळं पुसून काढा, बॅरलमधून कोरडी चिंधी निघेपर्यंत ब्रश फिरवा. एक्स्ट्रॅक्टरच्या हुकाखाली टूथपिकने साफ करा.

तेल थोडंच लागतं. स्लाइडच्या चारही रुळांवर एकेक थेंब, बॅरलच्या बाहेरून जिथे चकाकी घासलेली दिसते तिथे एक थेंब पसरवून, बॅरलच्या खालच्या लॉकिंग भागावर एक, ट्रिगर बार जिथे घासतो तिथे एक. फायरिंग पिनच्या बोगद्यात आणि मॅगझिनमध्ये तेल अजिबात नको. बोगद्यात तेल गेलं की त्यात दारूची राख कालवली जाते आणि पिनचा जोर मरतो.

स्लाइड सुटी असतानाच अटकावही तपासा. स्ट्रायकर मागून अंगठ्याने पुढे ढकला. ब्रीचच्या (स्लाइडच्या काडतुसाला टेकणाऱ्या भागाच्या) भोकातून टोक बाहेर येता कामा नये. मग आतला छोटा प्लंजर (अटकावाची दांडी) दाबून पुन्हा ढकला, आता टोक दिसायला हवं. प्लंजर न दाबताच टोक येत असेल तर पिस्तूल भरूच नका, परत पाठवा.

सुट्या बॅरलमध्ये वापरायच्या प्रत्येक जातीचं एक काडतूस अलगद सोडून पाहा. ते "टक" असं खाली बसलं पाहिजे, बूड बॅरलच्या मागच्या कडेच्या पातळीला आलं पाहिजे आणि बॅरल उलटं करताच स्वतःहून पडलं पाहिजे. ९ एमएम काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिमी असते. काही रुंद तोंडाच्या हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या) गोळ्यांचा आकार मात्र लांबी बरोबर असूनही आखूड चेंबरला अडतो. हे रेंजवर जाऊन कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं.

सहाशे राउंडची चाचणी

आधी आकडे. समजा पिस्तूल खरोखर दर शंभर राउंडला एकदा अडकणारं आहे, म्हणजे नेहमीच्या वापराला कुचकामी. असं पिस्तूलसुद्धा सलग ५० राउंड न अडकता मारण्याची शक्यता तब्बल ६० टक्के असते. २०० राउंड निभावण्याची शक्यता १३ टक्के, आणि ५०० राउंड निभावण्याची एक टक्क्याहून कमी. एकच खोकं मारून "मस्त चालतं" म्हणणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये. ५०० राउंड एकही खोट न होता गेले, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की खोटीचं प्रमाण १६७ राउंडला एकापेक्षा वाईट नाही. हजार गेले तर ३३३ला एक. हा हिशेब सोपा आहे: तीनला राउंडच्या संख्येने भागा.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली चाचणीही ६०० राउंडचीच आहे. पहिले २० विनाखोट जावे लागतात आणि ६००त सहापर्यंत खोटी चालतात. म्हणजे जवळपास एक टक्का. विक्रीची किमान अट म्हणून ते ठीक असेल. नेहमीच्या वापराला तेवढी सूट देऊ नका.

९ एमएमचं एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचं, म्हणजे सहाशेचं ओझं सात किलोंच्या वर जातं. एका दिवसात मारू नका. थकलेल्या मनगटाने झालेले जाम पिस्तुलाच्या खात्यात लिहिले जातात. दीडशेच्या चार फेऱ्या पुरेशा आहेत. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण प्रत्येक फेरीत, आणि रेंजवरून निघताना शिशासाठी हात गार पाण्याने साबण लावून धुवा.

मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ लिहा. वहीत राउंडची चालू संख्या, मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचा प्रकार आणि काय घडलं एवढ्या चार गोष्टी लिहा. वही नसेल तर चाचणीला अर्थ नाही, कारण चौथ्या फेरीला दुसऱ्या फेरीतला जाम कोणत्या मॅगझिनचा होता हे कुणालाच आठवत नाही.

सुरुवात मॅगझिनमध्ये एकच राउंड भरून करा. मग दोन. एका दाबात दोन सुटण्याचा दोष असेल तर तो इथे, भरलेल्या मॅगझिनशिवाय, कळतो. नंतर पाच, आणि मग पूर्ण. पहिले १०० राउंड माफ आहेत: घासणारे भाग बसायला तेवढा वाव द्यावा. त्यानंतर एकदा सफाई करा, आणि पुढचे ५०० राउंड सफाई न करता मोजायचे. मध्यावर रुळांवर तेलाचे दोन थेंब चालतील.

त्या पाचशेतले सुमारे ३०० सरावाचे ११५ ग्रेनचे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), १०० राउंड १२४ ग्रेनचे, आणि १०० तुम्ही प्रत्यक्ष ठेवणार असाल त्या जातीचे. प्रत्येक मॅगझिन निदान काही वेळा काठोकाठ भरून बंद स्लाइडवर बसवा; मॅगझिनमधली पुरती दबलेली नवी स्प्रिंग आणि घट्ट बसलेला वरचा राउंड स्लाइडला सगळ्यात जास्त ब्रेक लावतो. पन्नासेक राउंड फक्त उजव्या आणि तेवढेच फक्त डाव्या हाताने मारा. लहान पिस्तुलात हे आणखी महत्त्वाचं. स्लाइडला मागे जाण्यासाठी फ्रेम स्थिर लागते. मनगट सैल राहिलं की फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा पल्ला कमी पडतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या आधीच स्लाइड मिटते. लहान पिस्तुलात पल्लाच मुळात आखूड, त्यामुळे चुकीला जागा कमी.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. निरोगी पिस्तूल त्या एकाच दिशेला, दीड ते तीन मीटरच्या पट्ट्यात टाकतं. काही डोक्यावर, काही पायाशी, काही पुढे असं चाललं असेल तर अजून जाम झाला नसला तरी एक्स्ट्रॅक्टर किंवा स्प्रिंग संशयास्पद आहे.

जाम झाल्यावर आधी बघा, मग मोकळा करा

सरावात अडकल्याबरोबर मॅगझिन ठोका, स्लाइड ओढा, पुढे चला असं शिकवतात. चाचणीत उलट करा. बोट बाहेर, नळी लक्ष्याकडे, आणि आधी नीट बघा, जमल्यास फोटो काढा. मोकळा केला की पुरावा गेला.

नुसता "खट्" आवाज आला आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित असतं, पण असतं. मग काढून प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, पिनेच्या ठोक्याने पेटणारी टिकली) पाहा. खोल, मधोमध खड्डा असूनही उडालं नाही तर दोष काडतुसाचा. उथळ खड्डा असेल तर स्ट्रायकरच्या बोगद्यातलं तेल किंवा कमजोर स्प्रिंग. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर बहुधा स्लाइड पूर्ण मिटली नव्हती.

गोळीचं टोक फीड रॅम्पला टेकून अडकलं असेल तर वहीत मॅगझिनचा क्रमांक पाहा. तीनपैकी एकाच मॅगझिनमध्ये होत असेल तर पिस्तुलाला हात लावू नका. त्या मॅगझिनचे ओठ वाकलेले आहेत किंवा फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) तिरका होतोय. तिन्हींत, पण फक्त हॉलो पॉइंटलाच होत असेल तर काडतुसाची जात बदलून पाहा. फिरत्या यंत्राने रॅम्प "चमकवायचा" मोह खूप होतो. तो आवरा. कोन जरा बदलला की फीडिंग बिघडतं, आणि जास्त धातू गेला की चेंबरचा पुंगळीखालचा आधार कमी होऊन पुंगळी फुगते. एवढं काम बंदूक कारागिराकडेच द्यावं.

स्लाइड एक-दोन मिलिमीटर उघडी राहणं म्हणजे चेंबरमध्ये घाण, थकलेली रिकॉइल स्प्रिंग किंवा प्रमाणाबाहेरचं काडतूस. टेबलावरची "टक" चाचणी इथे पुन्हा करा.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली तर तीन शक्यता: सैल पकड, काडतुसात कमी दारू, किंवा नव्या ताठ स्प्रिंगला न पेलणारं ११५ ग्रेनचं हलकं काडतूस. १२४ ग्रेनच्या जोरकस काडतुसाने हे थांबलं तर घाबरायचं कारण नाही. शंभर-दोनशे राउंडनंतर स्प्रिंग जरा बसली की ११५ही चालायला लागतं. तरीही थांबलं नाही आणि मारणारा बदलूनही होतंय, तर इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) आणि एक्स्ट्रॅक्टरकडे वळा.

सगळ्यात कटकटीचा जाम म्हणजे जुनी पुंगळी चेंबरमध्येच आणि मागून नवं काडतूस तिच्यावर आदळलेलं. स्लाइड मागे लॉक करा, मॅगझिन खेचून काढा, स्लाइड तीनदा ओढा, चेंबर बघा, मग नवं मॅगझिन. आता ती पुंगळी उचलून तिची कड पाहा. कड फाटली असेल तर हुकाने ओढलं होतं पण पुंगळी चिकटली होती: चेंबर खरखरीत किंवा घाण. कडेवर ओरखडाही नसेल तर हुकाने धरलंच नाही. पोलादी पुंगळीच्या स्वस्त काडतुसांत हा प्रकार जास्त दिसतो, कारण उडाल्यावर पितळ जसं आकसून चेंबरपासून सुटतं तसं पोलाद सुटत नाही. अशा काडतुसांनी अडकणारं पिस्तूल पितळी पुंगळीने ठणठणीत चालत असेल तर दोष पिस्तुलाचा धरू नये, फक्त ती काडतुसं वापरू नयेत.

शेवटच्या राउंडनंतर स्लाइड उघडी न राहणं हे बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या अंगठ्याचं काम असतं; अंगठा स्लाइड स्टॉपवर टेकलेला असतो. दुसऱ्या माणसाला मारायला द्या, लगेच कळेल.

काही गोष्टी मात्र जाम नव्हेत, तिथेच थांबायचं कारण आहे. एका दाबात दोन बार. फुगलेली किंवा चिरलेली पुंगळी. आरपार भोक पडलेला प्रायमर. स्लाइडवर किंवा फ्रेमच्या रुळांपाशी केसासारखी चीर. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका, धक्का जवळपास नाही असा बार, म्हणजे गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी मारली तर बॅरल फुगतं किंवा फुटतं. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, पिस्तूल उघडा आणि मागून सळई घालून बॅरल मोकळं आहे याची खात्री करा.

निकाल कसा लावायचा

मोजलेल्या ५०० राउंडमध्ये पिस्तुलामुळे किंवा मॅगझिनमुळे एकही खोट नसेल तर घ्या आणि वापरा. काडतुसाचा दोष स्पष्ट दिसला असेल तर तो मोजू नका. एक खोट झाली आणि कारण सापडलं, जसं की तिसरं मॅगझिन, तर ते मॅगझिन बाद करा आणि आणखी २०० मारा. एकाच प्रकारची खोट दोनदा आणि कारण सापडत नाही, तर वहीच्या पानाची प्रत जोडून सेवा केंद्राकडे पाठवा. "कधीकधी अडकतं" या तक्रारीपेक्षा "राउंड २१२ आणि ३४०, मॅगझिन १ आणि २, पुंगळी चेंबरमध्ये राहिली" याला दुरुस्ती चांगली मिळते. परत आल्यावर मोजणी शून्यापासून. तीन किंवा अधिक खोटी झाल्या तर दुरुस्तीनंतरही ते रेंजवरच्या गमतीपुरतं ठेवा.

हमी काय म्हणते तेही वाचून ठेवा. घरी हाताने भरलेल्या काडतुसांनी बिघाड झाला तर बहुतेक निर्माते हात वर करतात.

रिव्हॉल्वर आणि .२२ असेल तर

स्वस्त रिव्हॉल्वर जाम होत नाही हा समज अर्धवट खरा. त्याचा जाम हाताने मोकळा होत नाही, एवढाच काय तो फरक. रिकामं करून हॅमर अगदी हळू मागे ओढा: हॅमर पूर्ण मागे येण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत लॉक झाला पाहिजे, सहाही घरांत. एका घरात जरी उशीर झाला तर गोळी बॅरलला थोडी तिरकी लागून शिशाचे तुकडे बाजूला उडतात. सिलिंडर आणि बॅरलमधली फट ०.१० ते ०.२५ मिमी असावी, फीलर गेजने मोजता येते. पुंगळ्या बाहेर टाकताना नळी आकाशाकडे ठेवा, नाहीतर न जळलेली दारू पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली साचते आणि सिलिंडर फिरेनासा होतो.

.२२ची स्वस्त पिस्तुलं सरावाला उत्तम, पण त्यांना वरचा निकाल जसाच्या तसा लावू नका. या काडतुसाचा प्रायमर कडेतच पसरलेला असतो आणि चांगल्या काडतुसांतही अधूनमधून एखादं उडत नाही. न उडालेलं काडतूस फिरवून पुन्हा मारलं आणि उडालं, तर तो काडतुसाच्या खात्यात. बऱ्याच .२२ पिस्तुलांच्या स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि वेगवान काडतुसांवरच नीट फिरतात. कमी वेगाच्या काडतुसांनी पुंगळी बाहेर पडत नाही म्हणून पिस्तुलाला दोष देऊ नये.

चालू ठेवण्यासाठी

पास झालेलं स्वस्त पिस्तूल पुढे बिघडतं ते बहुधा स्प्रिंगांमुळे. निर्मात्याचा आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर लहान ९ एमएम पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग दीड ते तीन हजार राउंडला आणि मोठ्यात तीन ते पाच हजारला बदला. पुंगळ्या नेहमीपेक्षा दूर पडू लागल्या, धक्का कडक वाटू लागला, की आकड्याची वाट पाहू नका.

मॅगझिनची स्प्रिंग भरून ठेवल्याने जितकी थकत नाही तितकी वारंवार भरण्या-रिकामं करण्याने थकते. आणि ओठ वाकतात ते काँक्रीटवर पडून. सरावाची मॅगझिनं वेगळी ठेवा, पडून वाकलेलं मॅगझिन सरळ करून पुन्हा विश्वासात घेऊ नका.

दर ३०० ते ५०० राउंडला सफाई करा, त्यात एक्स्ट्रॅक्टरचा हुक दर वेळी. वर्षातून एकदा स्ट्रायकरचा बोगदा कोरडा पुसा. दर हजार राउंडला स्लाइडवर इजेक्शनच्या खिडकीचे कोपरे आणि फ्रेमच्या रुळांची मुळं तिरक्या उजेडात भिंगाने पाहा. चिरा तिथूनच निघतात. घरात एकच काडतूस रोज चेंबरमध्ये भरून-काढून ठेवत असाल तर ते नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. गोळी किंचितही आत दबलेली दिसली तर ते वापरू नका, कारण आतली जागा घटली की दाब वाढतो.

कोणतीही स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर किंवा मॅगझिन बदललं की त्या भागाची परीक्षा नव्याने: ५० राउंड, वहीत तारखेसह नोंद, आणि एकही खोट नाही तेव्हाच तो जुन्या मोजणीत धरा.